पिकासा बंद पडले. आपल्या फोटोंतली नावे कशी वाचवायची?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेतला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा, असे बैठकीत ठरले. त्यात वस्तीचे अनेक वर्षांचे फोटो होते. १४ एप्रिलच्या मिरवणुका, आरोग्य शिबिरे, पाण्यासाठी काढलेले मोर्चे, दहावीच्या मुलामुलींचे सत्कार आणि घराघरांतून मागून आणून स्कॅन केलेले कृष्णधवल फोटो. हे सगळे आम्ही पिकासा या सॉफ्टवेअरमध्ये लावून ठेवले होते. जुन्या फोटोतल्या माणसांची नावे वस्तीतल्या आजी-आजोबांना शेजारी बसवून, विचारून विचारून टाकली होती.

आम्ही फोटो निवडले, पेनड्राइव्हवर घेतले आणि नव्या लॅपटॉपवर उघडले. फोटो सगळे आले, पण चेहऱ्यांवरची नावे आली नाहीत. ज्यांनी ती सांगितली होती, त्यांतले काही जण आता हयात नाहीत. जुना कॉम्प्युटर अजून भंगारात गेला नव्हता, म्हणून आम्ही वाचलो. असे जुने कॉम्प्युटर अनेक विहारांत, वाचनालयांत, मंडळांत असतील. म्हणून हा लेख.

नावे का गेली?

पिकासा गुगलने २००४ मध्ये विकत घेतले. फुकट आणि सोपे असल्याने ते घरोघरी पोहोचले. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुगलने ते बंद करत असल्याचे जाहीर केले आणि १५ मार्च २०१६ पासून कॉम्प्युटरवरच्या पिकासाला सुधारणा मिळणे थांबले. ज्याच्याकडे ते आधीपासून आहे त्याच्याकडे ते आजही चालू शकते. पण तो कॉम्प्युटर गेला की मार्ग अवघड होतो.

पिकासा आपली सगळी माहिती एका जागी ठेवत नाही, हे आधी समजून घेऊ. जेपीईजी फोटोखाली लिहिलेली ओळ आणि टॅग फोटोच्या फाइलमध्येच लिहिले जातात, त्यामुळे ते फोटोबरोबर जातात. चेहऱ्याची चौकट आणि नाव मात्र प्रत्येक फोल्डरमधल्या 'डॉट पिकासा डॉट आयएनआय' या लपलेल्या फाइलमध्ये आणि पिकासाच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहते. अल्बम म्हणजे फोटोंची नुसती यादी असते. तारांकित खूण आणि सेव्ह न केलेले बदल, म्हणजे कापलेली कड किंवा वाढवलेला उजेड, हेही फाइलबाहेरच असतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरला ही बाहेरची माहिती सहसा दिसत नाही.

थोडक्यात, जे फाइलच्या आत आहे तेच प्रवास करते. त्यामुळे काम एकच आहे: जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर बाहेरची माहिती आत लिहून घ्यायची.

काम कोणत्या क्रमाने करावे?

१. आधी पूर्ण बॅकअप. विंडोजमध्ये लपलेल्या फाइली दिसतील असे करा. मग फोटोंचे फोल्डर अख्खेच्या अख्खे बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. यूजरच्या फोल्डरमध्ये अ‍ॅपडेटा, त्यात लोकल, त्यात गुगल असे गेल्यावर 'पिकासा२' आणि 'पिकासा२अल्बम्स' हे दोन फोल्डर मिळतील. तेही घ्या. ही प्रत बाजूला ठेवा, तिच्यावर काम करू नका.

२. बदल सेव्ह करा. प्रत्येक फोल्डरच्या वर सेव्हचे बटण असते. ते दाबल्यावर बदललेला फोटो फाइलमध्ये उतरतो आणि मूळ फोटो 'डॉट पिकासाओरिजिनल्स' या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो. कॉपी करताना हा फोल्डर विसरू नका.

३. अल्बमचे टॅग करा. एक अल्बम उघडा, सगळे फोटो निवडा आणि अल्बमचेच नाव टॅग म्हणून द्या. तारांकित फोटोंनाही असाच एक टॅग द्या.

४. नावे फाइलमध्ये लिहा. पिकासा ३.९ मध्ये टूल्सच्या यादीत एक्सपेरिमेंटल आणि त्यात 'राइट फेसेस टू एक्सएमपी' असा पर्याय आहे. त्याने चेहऱ्यांची नावे फोटोच्या आत जातात.

५. दहा फोटोंवर चाचणी घ्या. नव्या कॉम्प्युटरवर डिजिकॅम टाका. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते आणि फाइलमधली चेहऱ्यांची नावे वाचू शकते. मराठीत लिहिलेल्या ओळी नीट दिसतात का, चौकट योग्य चेहऱ्यावर आहे का, ते तपासा. मगच बाकीचे फोटो आणा.

६. तीन प्रती ठेवा. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. वस्तीत पाणी शिरते, शॉर्टसर्किट होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

फुकटच्या क्लाउडवर सगळा भार टाकू नये, असे आमचे मत आहे. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवणही १ जून २०२१ पासून थांबली.

नावे आत गेली की जबाबदारीही येते

नाव फाइलमध्ये लिहिले की मूळ फाइल जिथे जाईल तिथे नावही जाते. सत्काराच्या फोटोत त्याचा आनंदच आहे. पण मोर्चातल्या तरुणाचे, शिबिरातल्या बाईचे किंवा लहान मुलाचे नाव कोणाच्या हाती पडावे, हे आपण ठरवायला हवे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती शाबूत राहते. म्हणून आम्ही दोन संच केले: नावांसह संग्रहासाठी आणि नावे काढून वाटण्यासाठी. कोणी आपले नाव नको म्हटले, तर दोन्हीकडे नको.

जे लिहिलेच नाही ते कोण हलवणार?

वस्तीचा इतिहास वर्तमानपत्रात क्वचितच छापून येतो. मोर्चात पुढे कोण होते, अभ्यासिकेची पहिली वीट कोणी ठेवली, याचा पुरावा अनेकदा हा एकच फोटो असतो. नाव नसेल तर पुढच्या पिढीसाठी तो नुसती गर्दी ठरतो.

सॉफ्टवेअर फक्त लिहिलेले हलवते. आमच्या संग्रहात अजून बरेच चेहरे बिननावाचे आहेत. म्हणून दर रविवारी आम्ही लॅपटॉप घेऊन एका घरी जातो, मोठ्यांच्या शेजारी बसतो आणि विचारतो, "हे कोण?" तुमच्याकडचा कॉम्प्युटर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा सुरू करून बघा. आणि ज्यांना ती माणसे ओळखू येतात, त्यांच्याकडे याच आठवड्यात जा.