शार्दोनेची चार दशके : नारायणगाव ते अकलूज

बरगंडीची नामांकित पांढरी वाइन जवळजवळ सगळी शार्दोने या एकाच वाणाची. आलिगोते नावाचा दुसरा पांढरा वाण तिथे आहे, पण मानाच्या मळ्यांत त्याला फारशी जागा नाही. हेच शार्दोने 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावच्या परिसरात आले, पुढे नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे लागले आणि गेल्या पंधरा-अठरा वर्षांत अकलूजच्या बाजूला बऱ्यापैकी रुजले. एवढ्या काळात महाराष्ट्रात बरगंडी काही तयार झाली नाही. पण जे तयार झाले ते चाखून पाहण्यासारखे आहे, आणि त्यासाठी आधी मूळ नमुना माहीत हवा.

बरगंडी साधारण 47 उत्तर अक्षांशावर आहे. तिच्या उत्तर टोकाला शाब्ली. तिथल्या चुनखडीच्या जमिनीत करोडो वर्षांपूर्वीच्या बारीक शिंपल्यांचे अवशेष सापडतात. शाब्लीची वाइन सडपातळ आणि धारदार असते. लिंबाची साल, हिरवे सफरचंद, पहिल्या पावसात भिजलेला दगड असे तिचे वास. ती चव शिंपल्यांतूनच येते असे विक्रेते सांगतात. रसायनशास्त्र त्याला दुजोरा देत नाही. दक्षिणेला बोन शहराजवळ म्यूरसो, पुलिनी-मोंराशे आणि शासान्य-मोंराशे ही तीन गावे लागून आहेत. म्यूरसोची वाइन भरदार, हेझलनट आणि लोण्याच्या वळणाची. पुलिनीची अधिक ताठ, फुलांच्या वासाची. पुलिनी आणि शासान्य यांच्या शिवेवर मोंराशे हा मळा आहे. त्याचे क्षेत्र जेमतेम 8 हेक्टर, म्हणजे वीस एकर, आणि तेही अनेक मालकांत वाटलेले. म्यूरसोकडे सर्वोच्च दर्जाचा, म्हणजे ग्रां क्रूचा, एकही पांढरा मळा नाही, तरी तिथल्या चांगल्या बाटल्या त्या दर्जाच्या बरोबरीने विकल्या जातात. आणखी खाली माकोने भागात ऊन जास्त आणि फळ पिकलेले, पीचकडे झुकणारे. शार्दोने नावाचे गावही याच भागात आहे. एकेका मळ्याची अशी वेगळी ओळख बरगंडीत ‘क्लिमा’ या शब्दाने सांगतात. 2015 मध्ये युनेस्कोने या क्लिमांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

या वाइनचे वर्णन इंग्रजी पुस्तकांतून वाचले की परके वाटते. वास्तविक त्यातली निम्मी रसायने सदाशिव पेठेतल्या कुठल्याही जुन्या स्वयंपाकघरात रोज तयार होत आली आहेत. द्राक्षात मॅलिक आम्ल असते. हिरव्या सफरचंदाचा करकरीत आंबटपणा तो त्याचाच. वाइन आंबवून झाली की विशिष्ट जिवाणू या आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. लॅक्टिक हे दह्यातले आम्ल, म्हणून धार कमी होऊन चव मऊ होते. याच टप्प्यावर डायअसिटिल नावाचे द्रव्य तयार होते, आणि विरजण लावलेल्या सायीचे ताक घुसळून वर आलेल्या ताज्या लोण्याला जो वास असतो तो मुख्यतः त्याचाच. म्यूरसोतले ‘लोणी’ ते हेच. ते प्रमाणात असले तर शोभते; अधिक झाले की वाइनला शिळ्या लोण्याची कळा येते. दुसरा वास नुकत्याच विझवलेल्या आगकाडीचा. तो गंधकाच्या संयुगांमुळे येतो आणि अलीकडच्या बरगंडीत मुद्दाम राखला जातो. तिसरा व्हॅनिला आणि भाजलेल्या पावाचा, ओक लाकडाच्या 228 लिटरच्या पिंपातून आलेला. पिंपात तळाशी बसलेला यीस्टचा साका मधूनमधून ढवळला की वाइनला अंग येते.

महाराष्ट्रात या वाणाला वाट मिळाली ती फेसाळ वाइनमुळे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने राज्यात दारूला परवान्याची वस्तू करून ठेवले होते, आणि द्राक्ष म्हणजे मंडईतून आणायचे फळ नाहीतर श्रीखंडावरचा बेदाणा अशीच पुण्यात समजूत होती. त्या काळात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला शातो इंडाज उभी केली. तंत्र पिपर-हेडसिक या शँपेन घराण्याकडून आले. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेली ‘ओमर खय्याम’ ब्रिटनपर्यंत गेली. देशात तीच धाटणी ‘मार्कीज द पाँपादूर’ या नावाने विकली गेली. तिच्या द्राक्षांत शार्दोने होते. 1976 मध्ये पॅरिसच्या आंधळ्या चाचणीत कॅलिफोर्नियाच्या शार्दोनेने बरगंडीच्या बाटल्यांना मागे टाकले होते आणि हा वाण कुठेही लावता येतो असा विश्वास जगभर पसरला होता. नारायणगावचा प्रयोग त्याच लाटेतला. ही कंपनी पुढे 2000 च्या दशकाच्या अखेरीस कर्जात बुडाली, पण पुणे-नाशिक रस्त्यावर वाइनचे द्राक्ष पिकते हे तिने दाखवून दिले.

पिकते, पण कसे? बरगंडीत वेल हिवाळाभर झोपतो, एप्रिलमध्ये फुटतो आणि सप्टेंबरमध्ये, दिवस आखडत असताना, काढणीला येतो. सह्याद्रीच्या पूर्वेला वेल झोपतच नाही. त्याला छाटून जागे करावे लागते, तेही वर्षातून दोनदा. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, सप्टेंबर-ऑक्टोबरमधली छाटणी घडासाठी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. मग घड थंडीत वाढतो आणि ऊन चढत असताना, जानेवारी ते मार्चमध्ये, उतरतो. म्हणजे क्रम बरोबर उलटा: तिथे फळ गारव्याकडे जात पिकते, इथे उष्णतेकडे जात. निफाडला जानेवारीच्या पहाटे हाडे गोठतात, पण फेब्रुवारीच्या दुपारी पारा तिशी ओलांडतो. उष्णतेत मॅलिक आम्ल वेलीवरच जळून जाते. साखर भराभर चढते, आम्ल उतरते आणि वास मागे राहतो. शार्दोनेची साल पातळ, आणि भुरीचा धोका कायम. शिवाय जमीन चुनखडीची नव्हे, बेसाल्टची, मुरमाड. बरगंडीत वाइन मऊ करण्यासाठी जे आम्ल मोडावे लागते ते इथे वाचवण्याची धडपड असते. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

म्हणून नव्या पिढीतल्या सर्वांत मोठ्या कंपनीने आपली सुरुवात शार्दोनेवर बेतली नाही. राजीव सामंत यांनी 1997 मध्ये नाशिकजवळ सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ लावले आणि 2000 मध्ये सुलाच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. निवड बरोबर होती. शेनँ उष्णतेतही आम्ल धरून ठेवते, आणि सोव्हिन्योंचा गवती, पेरूसारखा वास नवख्या ग्राहकालाही लगेच कळतो. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले आणि वाइनरींची रीघ लागली. शार्दोनेच्या वाट्याला त्यात फार थोडे आले. निफाड तालुक्यातल्या रेव्हिलोने मात्र हा वाण सोडला नाही. इटालियन तज्ज्ञाच्या मदतीने तिने ओकमधली ‘रिझर्व्ह’ शार्दोने काढली.

खरी कसोटी सोलापूर जिल्ह्यात लागली. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन भावाभावांच्या जोड्यांनी 2007 मध्ये फ्रातेल्ली सुरू केली. रोपे परदेशातून आणली, आणि वाइन करणारे पिएरो मासी तस्कनीतले. उसाच्या पट्ट्यात, नाशिकहून उष्ण भागात, शार्दोने लावणे म्हणजे धाडसच. तरी त्यांची साधी शार्दोने आणि ओकमधली ‘व्हिते’ या दोन बाटल्यांनी भारतीय शार्दोनेचा दर्जा वर नेला. पुढे बरगंडीतच जन्मलेले जाँ-शार्ल ब्वासे यांच्याशी भागीदारी करून ‘जुनून’ ही मालिका आली, आणि तिच्यातल्या पांढऱ्या वाइनमध्येही शार्दोने आहेच. त्याआधी 2013 मध्ये शाँदों कंपनीने दिंडोरीला फेसाळ वाइन सुरू केली होती, शेनँ, शार्दोने आणि पिनो न्वार यांची. फेसाळ वाइनसाठी द्राक्ष लवकर, आम्ल शाबूत असतानाच तोडतात. या हवामानात शार्दोनेचा सर्वांत शहाणा उपयोग तो हाच. नारायणगावने नकळत योग्य जागीच सुरुवात केली होती.

मराठी मुलखातल्या साध्या, न फेसाळणाऱ्या शार्दोनेची चव आता ओळखता येते. रंग बरगंडीपेक्षा लवकर पिवळा होतो. वासात पिकलेले अननस, खरबूज, कधी केळ. गारगोटीचा मागमूस नाही. ओक असेल तर व्हॅनिला आधी जाणवतो आणि फळ मागून. तोंडात ती गोलसर असते, पण शेवट आखूड. उत्तम म्यूरसो घोट गिळल्यावरही बराच वेळ जिभेवर रेंगाळते, आणि पाच-दहा वर्षे बाटलीत राहून मध व बदामाकडे वळते. इथली बाटली दोन-तीन वर्षांत संपवलेली बरी. जिथे वाइनरीने ओकचा मोह आवरला आणि द्राक्ष आठवडाभर आधी तोडले, तिथे निकाल स्वच्छ लागतो. अशी वाइन अळूवडीपेक्षा सुरळीच्या वडीबरोबर किंवा नारळाच्या रसातल्या माशाबरोबर बसते. गोड्या मसाल्यापुढे तिचा निभाव लागत नाही.

बरगंडीचेही सगळे आलबेल नाही. 1995-96 च्या हंगामापासून तिथल्या अनेक महागड्या पांढऱ्या बाटल्या अकाली काळवंडू लागल्या. मालकांनी उघडल्या तर आत ठेचाळलेल्या सफरचंदाचा वास. बूच, कमी वापरलेले गंधक, साका अति ढवळणे अशी कारणे सांगितली गेली. तशीच अकाली म्हातारी झालेली शार्दोने महाराष्ट्रात रोज विकली जाते, फक्त इथले कारण सोपे आहे: एप्रिलमध्ये दुकानाच्या काचेमागे उन्हात उभी बाटली. आयात बरगंडीवर दीर्घकाळ 150 टक्के सीमाशुल्क राहिले, त्यामुळे ती मोजक्या हॉटेलांतच भेटली. सुपरमार्केटांतून वाइन विकण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा जानेवारी 2022 मधला निर्णय विरोधानंतर मागे पडला. तेव्हा निवड परवानाधारक दुकानातच करायची. कपाटाच्या आतली, अलीकडच्या वर्षाची बाटली मागावी. फ्रिजमधून काढल्यावर वीस मिनिटे बाहेर ठेवावी, 11-12 अंशांपर्यंत येऊ द्यावी, आणि मगच ओतावी. बर्फासारख्या गार शार्दोनेला वास नसतो.