अंगठ्याचा ठेका, बोटांची चाल : गिटार शिकणाऱ्या हातांसाठी

गिटार शिकणाऱ्यांची एक तक्रार आमच्या कानावर नेहमी येते. कॉर्ड जमतात, गाणाऱ्याला साथ देता येते. पण गायक नसताना नुसत्या गिटारवर गाणं ऐकवायचं, म्हणजे चालही आपणच वाजवायची आणि साथही आपणच द्यायची, तिथे हात अडकतो. मग कुणी सुट्टीच्या दिवशी चार तास घासत बसतं, मनगट धरतं आणि महिन्याभरात गिटार भिंतीला लागते. दोष बोटांना दिला जातो, वयाला दिला जातो. नर्सिंगच्या कामात आणि नंतर वस्तीतल्या आरोग्यकामात आम्ही दुखरे हात पुष्कळ पाहिले. त्यामुळे सांगावंसं वाटतं की बहुतेक वेळा अडचण हातात नसते, शिकण्याच्या क्रमात असते.

अडतं कुठे?

या पद्धतीत उजव्या हाताचा अंगठा जाड तीन तारांवर ठेका धरतो. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका बारीक तीन तारांवर चाल वाजवतात. दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष द्यायला गेलं की दोन्ही बिघडतं. आपल्या मेंदूला दोन नव्या हालचाली एकदम सांभाळता येत नाहीत. त्यातली एक सवयीची व्हावी लागते. भाकरी थापताना आपण शेजारणीशी बोलतो, तरी भाकरी गोलच होते, कारण हाताला ते काम पाठ झालेलं असतं. गिटारवर अंगठ्याला तसं पाठ व्हावं लागतं.

आधी फक्त अंगठा

सी कॉर्ड धरा. अंगठ्याने पाचवी तार, मग चौथी, पुन्हा पाचवी, पुन्हा चौथी. सावकाश, घड्याळाच्या टिकटिकीसारखं. हे चालू असताना घरातल्या कुणाशी बोला. बोलताना अंगठा थांबला तर अजून काही दिवस एवढंच करा.

अंगठा आपोआप चालू लागला की दुसरी पायरी. अंगठा पाचव्या तारेवर पडेल त्याच क्षणी मधल्या बोटाने दुसरी तार ओढा, चिमटीत धरल्यासारखी. हे जमलं की तिसरी पायरी: तीच दुसरी तार अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मधोमध वाजवा. इथे अंगठा बोटाच्या मागे पळू पाहतो. त्याला पळू देऊ नका, वेग निम्मा करा.

मग एखादी ओळखीची सोपी चाल घ्या. ती आधी तोंडाने म्हणा, नंतर बारीक तारांवर एकेक सूर शोधा. कोणता सूर अंगठ्याबरोबर पडतो आणि कोणता दोन ठोक्यांच्या मध्ये, हे कागदावर खूण करून ठेवा. दोन ओळींपेक्षा जास्त एकदम घेऊ नका.

दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं पुरतात. हालचालींची शिकवण झोपेत पक्की होते, म्हणून रोजचं थोडं हे रविवारच्या चार तासांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. रात्रपाळी करणाऱ्यांनी झोप मोडून सराव करू नये.

कोणतं दुखणं साधं, कोणतं नाही?

डाव्या हाताच्या बोटांची टोकं सुरुवातीला हुळहुळतात. हे साधं आहे, काही आठवड्यांत तिथली कातडी घट्ट होते. भांडी-कपडे धुऊन लगेच गिटार घेऊ नका, ओली कातडी मऊ असते आणि तार रुतते. तार धातूच्या पट्टीच्या अगदी अलीकडे दाबली तर कमी जोर लागतो. तारा फार उंच असतील तर वाद्यांच्या दुकानातून खाली करून घ्या. नायलॉनच्या तारांची गिटार बोटांना सोपी जाते. मनगट फार वाकवू नका, खांदे सैल ठेवा.

पण अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येणं, रात्री हात बधिर होऊन जाग येणं, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ येणं किंवा बोट वाकलं की अडकून बसणं, ही साधी दुखणी नव्हेत. पहिल्या दोन लक्षणांत मनगटातून जाणारी नस दाबली जात असू शकते. मधुमेह, थायरॉईडचा विकार किंवा गरोदरपण असेल तर हा धोका वाढतो. रोज कपडे पिळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या हातांवर आधीच ताण असतो. अशा वेळी तेल चोळून वाजवत राहू नका. सराव थांबवा आणि डॉक्टरांना हात दाखवा. वेळेवर दाखवलं तर बरेचदा रात्री मनगटाला पट्टा आणि विश्रांती एवढ्यावर भागतं.

एका घरकामगार बाईंचा हात

अंगठ्याच्या या ठेक्याला केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिस यांच्या नावाने 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणतात. पण अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय वादक अशा रीतीने आधीपासून वाजवत होते. त्याच परंपरेतल्या एलिझाबेथ कॉटन. जन्म १८९३, नॉर्थ कॅरोलायना. लहान वयात घरकाम करून साठवलेल्या पैशांतून त्यांनी गिटार घेतली. त्या डावखुऱ्या होत्या आणि गिटार उजव्या हाताची. तारा न बदलता त्यांनी ती उलटी धरली. त्यामुळे जाड तारांचा ठेका बोटांकडे आला आणि चाल अंगठ्याकडे, म्हणजे वर सांगितलं त्याच्या बरोबर उलट. आज त्या ढंगाला त्यांच्याच नावाने ओळखतात.

लग्नानंतर संसारात आणि मोलमजुरीत त्यांची गिटार कित्येक वर्षं सुटली. वॉशिंग्टनमध्ये सीगर या संगीतकार कुटुंबाकडे घरकाम करताना ती पुन्हा हातात आली. पहिला संग्रह १९५८ मध्ये निघाला, तेव्हा त्या पासष्टीच्या होत्या. ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो नव्वदी ओलांडल्यावर.

तेव्हा चाळिशीत बोटं वळत नाहीत असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. आणि पुस्तकातली बोटांची वाटणी तुमच्या हाताला दुखवत असेल तर ती बदलायला शिक्षकांना सांगा. या आठवड्यात मात्र चाल नको, कॉर्ड बदलणंही नको. पाचवी, चौथी, पाचवी, चौथी. फक्त अंगठा.