रॅमच्या डब्यावरील आंकडा

संगणकासाठीं नवी रॅम आणलेली असते. डब्यावर ठळक अक्षरांत ६००० हा आंकडा छापलेला असतो. यंत्र सुरू केल्यावर मात्र पडद्यावर ४८०० दिसतो, आणि दुकानदारानें फसविलें असें घरच्या मंडळींस वाटूं लागतें. बहुतेक वेळीं दुकानदार निर्दोष असतो. पुढें कोणी जाणता येऊन यंत्राच्या मूळ मांडणींत, म्हणजे बायॉसमध्यें, एक बदल करतो. ६००० उमटतो आणि सर्वांचें समाधान होतें. दोन महिन्यांनीं लग्नाच्या छायाचित्रांपैकीं कांहीं उघडेनाशीं होतात. या दोन गोष्टींचा संबंध असूं शकेल, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें.

६००० याचा अर्थ, प्रत्येक तारेवरून सेकंदास सहाशें कोटि संकेत. एका संकेताच्या वाट्यास जो अवधि येतो, तेवढ्यांत प्रकाशाचा किरणसुद्धां अवघे पांच सेंटिमीटर अंतर कापतो. अशा चौसष्ट तारांवरून निघालेले संकेत ठरल्या क्षणीं पोंचले पाहिजेत. ज्या कप्प्यांतून ते निघतात, त्यांची रचना आजहि मुळांत तीच आहे, जिचें पेटंट १९६८ सालीं आय.बी.एम.च्या रॉबर्ट डेनार्ड यांस मिळालें: एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर. कपॅसिटरमधील विद्युद्भार सतत झिरपत असतो. म्हणून डी.डी.आर.५ जातीच्या रॅममध्यें तो दर ३२ मिलिसेकंदांच्या आंत पुन्हां भरावा लागतो. रॅम ८५ अंशांपलीकडे तापली, तर त्याच्या दुप्पट वेळां.

यंत्र सुरू होतांच रॅमच्या पट्टीवरील एक चिमुकली चिप वाचली जाते. तिच्यांत दोन प्रकारचीं कोष्टकें असतात. पहिलें, मानकें ठरविणाऱ्या जेडेक या संस्थेच्या प्रमाणाचें; दुसरें, अधिक वेगाचें, पट्टी बनविणाऱ्या कारखान्यानें स्वतः तपासून लिहिलेलें. यंत्र सावधपणें पहिलें स्वीकारतें. दुसरें स्वीकारण्याची आज्ञा मालकानेंच द्यावी लागते. या दुसऱ्या कोष्टकास इंटेलनें २००७ सालीं एक्स.एम.पी. असें नांव दिलें, ए.एम.डी.नें २०२२ सालीं एक्स्पो असें.

मेख आहे ती येथेंच. डब्यावरील आंकडा हें केवळ पट्टीचें वचन होय. संकेतांची देवघेव करणारा नियंत्रक असतो प्रोसेसरमध्यें, आणि दोहोंमधील तांब्याच्या वाटा असतात मदरबोर्डवर. ए.एम.डी.च्या रायझन ७००० मालिकेचेंच उदाहरण घेतां येईल. तिच्या प्रोसेसरांस दोन पट्ट्यांसह अधिकृत मर्यादा आहे ५२०० ची. चार पट्ट्या बसविल्यास ३६०० चीच. तेव्हां ६००० वर निर्वेध चालणें हें तिघांच्या एकमतावर अवलंबून आहे, आणि हें एकमत जुळवावें लागतें.

त्यासाठीं दोन्ही पट्ट्या एकाच डब्यांतील असाव्या. निरनिराळ्या वेळीं घेतलेल्या पट्ट्यांवर नांव तेंच असलें, तरी त्यांवरील चिपा निराळ्या असूं शकतात. चार खांचांच्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खांचेंत बसवावयाच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेंत हें पाहून घ्यावें. अशा बोर्डांवर वाट शेवटच्या खांचेपर्यंत गेलेली असते. ती खांच रिकामी राहिली, तर ओसाड सभागृहांतील प्रतिध्वनीप्रमाणें संकेत टोकावरून परततो आणि मागून येणाऱ्या संकेतास गढूळ करतो. बायॉसची नवी आवृत्ति निघाली असल्यास ती आधीं बसवावी. मग वेगाचें कोष्टक निवडावें. यानंतर पहिल्या वेळीं नियंत्रक ओळखीचे नमुने पाठवून प्रत्येक तारेचा नेमका क्षण शोधतो. त्यास एखादें मिनिट, क्वचित् अनेक मिनिटें लागतात. पडदा काळा पाहून घाईनें वीज तोडणें ही या वेळची नेहमींची चूक होय.

यंत्र सुरू झालें म्हणजे काम साधलें असें नव्हे. मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालूं द्यावा. तो रॅमच्या कप्प्याकप्प्यांत ठराविक नमुने लिहून परत वाचतो. या परीक्षेंत पस्तीस गुणांवर पास होण्याची सोय नाहीं. एकहि चूक आढळली, तर निकाल नापास. थंडीच्या रात्रीं उत्तीर्ण झालेली जोडी वैशाखांतील दुपारीं अडखळूं शकते. म्हणून एक तपासणी उन्हाळ्यांतहि करावी.

नापास झाल्यास विजेचा दाब वाढविण्याचा सल्ला पुष्कळदां मिळतो. डी.डी.आर.५ चा प्रमाणित दाब १.१ व्होल्ट आहे. वेगवान कोष्टकांत तो बहुधा १.२५ ते १.४ व्होल्टपर्यंत आधींच चढविलेला असतो. आणखी चढवावा तों पट्टी तापते, आणि तापली म्हणजे भार अधिक झिरपतो. त्यापेक्षां ५६०० वर उतरून पुन्हां तपासणें बरें. गति सात टक्क्यांहून कमी घटते. पत्रव्यवहारांत, हिशेबांत वा चित्रपट पाहतांना तो फरक जाणवतहि नाहीं.

डी.डी.आर.५ च्या चिपेंत लहानसहान चुका दुरुस्त करण्याची योजना आहे, हें खरें. परंतु तिची सत्ता चिपेच्या आंतच चालते. वाटेवर बिघडलेला संकेत तिला दिसत नाहीं. अस्थिर रॅम यंत्र बंद पाडते, तेव्हां निदान दोष तरी कळतो. चुकीचा बिट गुपचूप लिहिला गेला, म्हणजे छायाचित्र, हिशेबाची वही, प्रबंधाचें हस्तलिखित बिघडतें, आणि पुढें त्या बिघडलेल्या प्रतीच्याच प्रती जपून ठेविल्या जातात. असें कांहीं यंत्राच्या हवालीं करण्यापूर्वीं एक रात्र परीक्षेस द्यावी, आणि परीक्षेंत जो आंकडा टिकेल, तोच आपल्या रॅमचा खरा आंकडा समजावा.