कारवान कुत्रा

कारवान कुत्रा : दख्खनच्या पठारावरील शिकारी कुत्र्यांची एक जात. हिला महाराष्ट्रात कारवान व कर्नाटकात मुधोळ म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडिया या संस्थेच्या नोंदींत ‘कारवान हाउंड’, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या नोंदींत ‘मुधोळ हाउंड’ असे तिचे नाव आढळते. व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिम व मध्य आशियातून आलेल्या सालुकीसारख्या कुत्र्यांपासून ही जात निपजली असावी, असे मानले जाते.

नराची उंची सु. ६८ ते ७२ सेंमी. व मादीची ६४ ते ६८ सेंमी. असते. डोके लांब व निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब व केस आखूड असतात. कान, पाय व शेपटी यांवर रेशमासारखे लांब केस असणाऱ्या प्रकारास ‘पश्मी’ म्हणतात. अंगावर चरबी कमी असल्याने हा कुत्रा कृश दिसतो. परंतु तो उपासमारीचा परिणाम नव्हे.

ही शरीररचना कामाला अनुरूप आहे. ब्रिटनमधील टेरिअर जातींचे नाव ‘भूमी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असून, बिळात शिरून कोल्ह्याला किंवा बिज्जूला बाहेर काढण्यासाठी त्या निपजविल्या गेल्या. त्यामुळे त्यांपैकी अनेक जाती ठेंगण्या आहेत. याउलट कारवान मोकळ्या माळरानावर भक्ष्य नजरेने हेरतो व वेगाने पाठलाग करून पकडतो. लवचिक कण्यामुळे त्याची झेप लांब पडते. ससा, चिंकारा व काळवीट यांच्या शिकारीसाठी, तसेच शेत व घर यांच्या राखणीसाठी तो पाळला जाई. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही.

मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या पैदाशीला आश्रय दिला आणि पंचम जॉर्ज यांना या जातीचे कुत्रे भेट दिले. भारतीय डाक विभागाने २००५ मध्ये मुधोळ कुत्र्याचे चित्र असलेले तिकीट काढले.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे त्याच्या सर्व पारंपरिक भक्ष्यांची शिकार निषिद्ध झाली. वन्य प्राण्यांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. मात्र त्यामुळे या जातीचे मूळ काम संपले. पूर्वी उत्तम धावणाऱ्या कुत्र्यांपासूनच पैदास होई. आता केवळ रूप व विक्रीमूल्य पाहून, किंवा विदेशी ग्रेहाउंडशी संकर करून पैदास केल्यास काटकपणा व उष्णता सोसण्याची क्षमता हे गुण लोपण्याचा धोका आहे. मुधोळजवळील तिम्मापूर येथे या जातीच्या संवर्धनाचे केंद्र असून, भारतीय सैन्याच्या मीरत येथील केंद्रातही या जातीच्या पिलांना प्रशिक्षण देण्यात आले आहे. राखण व टेहळणी यांसारखे नवे काम आणि वंशावळीच्या काटेकोर नोंदी यांवर या जातीचे भवितव्य अवलंबून आहे.