निळा कोल्हा, नारिंगी कोल्हा

पुस्तकांच्या दुकानात मुखपृष्ठावर कोल्हा दिसला की मी आधी त्याच्या शेपटीचं टोक बघतो. टोक पांढरं असेल तर चित्रकाराने तो विलायती पुस्तकावरून उतरवलाय, हे उघड होतं. नारिंगी अंग, पांढरा गळा, काळे पाय, हा तांबडा कोल्हा. आपल्या देशात तो हिमालयात आणि वायव्येच्या कोरड्या मुलखात आहे, मराठवाड्यात नाही. आमचा कोल्हा मातकट, पाठीवर काळपट झाक, शेपटीचं टोक काळं. खोकड त्याहून बरीच लहान, करड्या अंगाची. तिचंही टोक काळंच.

कन्नड तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवायचो. गौताळ्याचं जंगल जवळ. वस्तीवरून येणाऱ्या पोरांनी कोल्हा पाहिलेला असायचा, मक्यात, उसात, नाहीतर बोरीखाली सांडलेली बोरं खाताना. पुस्तकातलं चित्र दाखवलं की एखादं विचारायचंच, "सर, हे कुत्रं कुणाचं?"

चित्रकाराला जांभळा हत्ती काढायचीही मुभा आहे, रंगावरून मी भांडत नाही. माझी तक्रार गोष्टीबद्दल आहे.

मराठी पोरांच्या पुस्तकांत कोल्हे दोन घराण्यांतून आले. एक इसापाचं. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती 1828 सालची, म्हणजे हा पाहुणाही आता जुना झाला. हा कोल्हा एकटा असतो. द्राक्षांखाली एकटाच उड्या मारतो, करकोच्याला एकटाच जेवायला बोलावतो, कावळ्याच्या चोचीतला तुकडा एकट्यासाठी लांबवतो. तांबडा कोल्हा शिकारही एकट्यानेच करतो, तेव्हा इसापाचं काही चुकलं नाही. (आपल्या म्हणीतला कोल्हा काकडीला राजी. द्राक्षं त्याला कुणी दाखवलीच नव्हती.)

दुसरं घराणं पंचतंत्राचं. तिथले करटक आणि दमनक सिंहाच्या दरबारातले. रानात कोल्हे मोठ्या जनावराच्या शिकारीतलं उरलंसुरलं खायला मागे मागे राहतात. त्यावरूनच कुणाला तरी हे मंत्रिपद सुचलं असावं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ही जोडी अरबीत नेली, तिथे ते कलीला आणि दिमना झाले. आता माझ्याकडे चित्रं काढायला येणाऱ्या, उर्दू शाळेतल्या एका मुलीच्या आजोबांना ती नावं ठाऊक निघाली.

याच घराण्यातला चंडरव, निळीच्या नांदेत पडलेला. आमच्या छत्रपती संभाजीनगरात ही गोष्ट सांगायला फार सोपी. गुलमंडीजवळ रंगारगल्ली आहे. कुत्री मागे लागलेला कोल्हा तिथेच एका नांदेत पडला, असं मी ठोकून देतो आणि पोरं मानतात. निळा झालेला चंडरव सिंह-वाघांचा राजा होतो, जातभाईंना हाकलून देतो, आणि एक दिवस लांबून कोल्हेकुई कानावर येताच त्याला राहवत नाही. तोही गळा काढतो. राज्य तिथेच संपतं.

सगळी गोष्ट त्या एका हाकेवर उभी आहे. आपले कोल्हे कुटुंबाने राहतात. दिवेलागणीला एकाने सुरुवात केली की घरचे साथ देतात, पलीकडच्या टोळीकडून उत्तर येतं. तांबडा कोल्हा भुंकतो, किंचाळतो, पण असा गोतावळ्याने सूर लावत नाही. त्याला निळा रंग फासून सिंहासनावर बसवलं तर तो सुखाने म्हातारा होईल, कुणाला पत्ताही लागणार नाही. आणि माझ्या कपाटातल्या एका पुस्तकात निळ्या चंडरवाच्या शेपटीला चक्क पांढरं टोक आहे!

चित्र काय करू शकतं ते पॅट हचिन्स या इंग्रज बाईंनी 1968 मध्ये दाखवलं. त्यांच्या 'रोझीज वॉक'मध्ये सगळे मिळून 32 शब्द. कोंबडी फेरफटक्याला निघते, इतकंच शब्द सांगतात. तिच्या मागावरचा कोल्हा जवळजवळ दर पानावर आहे, दाताळ्यावर पाय देतो, तळ्यात पडतो, शेवटी मधमाश्या पाठीशी घेऊन पळतो. मजकुरात मात्र त्याचा उल्लेखही नाही. पोरं ओरडून रोझीला सावध करतात, तिला ऐकू जात नाही. मी शंभरदा वाचलं तरी हसतो. चंडरवाची हाकही अशीच बिनशब्दांची काढता येईल, पण काढणाऱ्याला आपला कोल्हा माहीत हवा.

2021 पासून शहराच्या वस्त्यांमध्ये मुलांसाठी मोहल्ला लायब्ऱ्या सुरू झाल्यात, त्यामुळे पुस्तकाला सरावलेली पोरं आता मला आयती मिळतात. त्यांना मी ते हाकेचं पान काढायला देतो. बहुतेकांचे कोल्हे अजून नारिंगीच, मोबाइलवर तोच दिसतो ना. परवा एकाने मात्र चंडरव मान वर करून, तोंड उघडून काढला आणि पानाच्या कडेला सिंहाचे नुसते दोन कान. बाकीचे कोल्हे कुठेत, असं विचारलं तर म्हणाला, "ते मागच्या पानावर, सर. तिथून ओरडतायत."