रात्री अडीच वाजता दिवा कोणी लावला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे अडीच वाजले असतील. आमच्या आईच्या खोलीतला दिवा एकाएकी लख्ख पेटला. लावायला कोणी उठले नव्हते. आईने हाक मारली, आम्ही दिवा मालवला, तिला पाणी दिले आणि पुन्हा झोपलो. दोन रात्रींनी पुन्हा तेच! तिसऱ्या खेपेस मात्र अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने आपली वळकटी उचलली आणि ती बाहेरच्या खोलीत येऊन पडली. "त्या खोलीत मी आता झोपायची नाही," एवढेच ती म्हणाली.

सकाळी ही वार्ता मजलाभर झाली. शेजारच्या काकूंनी हळूच सुचविले की, आधीचे म्हातारे घरमालक त्याच खोलीत वारले होते, तेव्हा एखाद्या जाणत्याला दाखवून घ्या. काकूंच्या मनात वाईट काही नव्हते. पण आमच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. तिच्याखाली आता लिंबू-मिरची टांगायची काय? महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा होऊन 2013 पासून इतकी वर्षे लोटली, तरी दिवा आपोआप लागला की आपल्या माणसांनाही आधी भानामतीच आठवते, याचे वाईट वाटले. अर्थात आम्ही नुसते वाईट वाटून घेतल्याने आईला झोप येणार नव्हती. दिवा कोणी लावला, याचे उत्तर तिला द्यायलाच हवे होते.

हा दिवा साधा नव्हता. आमच्या थोरल्या चिरंजीवाने हौसेने आणलेला तो स्मार्ट बल्ब. साध्या दिव्याचा मालक एकच, भिंतीवरचे बटण. या दिव्याचे मालक पुष्कळ. चिरंजीवाचा मोबाईल, सूनबाईचा मोबाईल, टेबलावरचा बोलका डबा, कधीकाळी लावून विसरलेले वेळापत्रक, दूर कुठेतरी असलेला कंपनीचा संगणक आणि खुद्द वीजसुद्धा! यांपैकी कोणीतरी हुकूम दिल्याशिवाय तो पेटत नाही. म्हणून आम्ही एक वही केली. दिवा लागला की तारीख, वेळ आणि त्या वेळी घरात आणखी काय घडले, हे लिहायचे. वाचक बंधू-भगिनींनो, हजार रुपये घेणाऱ्या मेकॅनिकपेक्षा ही वही आम्हांला अधिक उपयोगी पडली.

चौथ्या नोंदीला उलगडा झाला. दिवा लागलेल्या प्रत्येक रात्रीनंतर सकाळी स्वयंपाकघरातल्या ओव्हनचे घड्याळ शून्यावर लुकलुकत असे. म्हणजे रात्री वीज जाऊन आली होती! भिंतीवरचे बटण आम्ही चालूच ठेवत होतो आणि दिवा मोबाईलवरून मालवत होतो. वीज परत आली म्हणजे, ती कोणी बटण दाबल्यामुळे आली की तारेवरून आपली आपण आली, हे बल्बला कळत नाही. त्याला दोन्ही सारखेच. मोबाईल हाताशी नसला तरी भिंतीवरच्या बटणाने दिवा लागावा, म्हणून असे पुष्कळ बल्ब वीज येताच पेटतील असेच बनवलेले असतात. परदेशातही लोक यावर वैतागले होते. फिलिप्सने आपल्या ह्यू बल्बांत वीज परत आल्यावर काय करायचे ते ठरविण्याची सोय 2018 च्या डिसेंबरात दिली. आता इतरही अनेक बल्बांच्या अॅपमध्ये ही सोय असते. 'वीज जाण्यापूर्वी होता तसाच राहा' हा पर्याय निवडायचा. आम्ही तो निवडला आणि मेन स्विच मुद्दाम पाडून, वर करून आईला दाखविले. दिवा पेटला नाही. आई म्हणाली, "पुन्हा कर." तीनदा केले, तेव्हा तिचे समाधान झाले.

विजेचीच आणखी एक गंमत. पुष्कळ बल्बांत भिंतीवरचे बटण तीन-चारदा झटपट खाली-वर केले की बल्ब जुनी जोडणी विसरतो आणि नवी शोधत भराभर लुकलुकू लागतो. वादळवाऱ्यात वीज तशीच येत-जात राहिली तर बल्बाला वाटते, मालकानेच बटण दाबले. मध्यरात्री असा लुकलुकणारा दिवा पाहून भल्याभल्यांची छाती धडधडेल.

आमच्या वहीची कीर्ती झाल्यावर आप्तेष्टांचे निरोप येऊ लागले. धाकट्या मामांचा टीव्ही पहाटे आपोआप लागे. टीव्हीला ज्या तारेने सेट टॉप बॉक्स किंवा छोटी स्टिक जोडतात, त्या तारेतून चित्राबरोबर हुकूमही जातात. बॉक्स पहाटे स्वतःची दुरुस्ती करून घ्यायला जागा झाला की टीव्हीलाही जागा करतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येते. नाव मात्र प्रत्येक कंपनीने वेगळे ठेवले आहे. सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. एका भाचीचा दिवा संध्याकाळी सातला लावलेला असून साडेचारलाच पेटे. अॅपमधले घड्याळ चीनच्या वेळेवर राहून गेले होते. तेथील वेळ आपल्यापुढे अडीच तास आहे. अशी नेमकी अडीच तासांची तफावत दिसली की दुसरे काही शोधू नये. आणि चाळीत ज्यांची बिनतारी घंटा कोणी न दाबता वाजते, त्यांनी शेजाऱ्याकडची घंटा पाहून यावे. स्वस्त घंटांत दोघांचा संकेत एकच निघू शकतो!

बोलक्या डब्याचे प्रकरण निराळे. तो आपले नाव ऐकण्यासाठी कान टवकारून बसलेला असतो आणि ऐकण्यात चुकतो. 2017 च्या जानेवारीत अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात एका वृत्तवाहिनीवर निवेदकाने अलेक्साला उद्देशून बोललेले वाक्य उच्चारले, आणि प्रेक्षकांच्या घरातले डबे बाहुलीघर मागवायला निघाले. 2018 च्या मार्चमध्ये तर अलेक्सा रात्री-अपरात्री आपण होऊन हसते, अशा तक्रारी आल्या. कंपनीने खुलासा केला की डब्याला 'हस' असा हुकूम ऐकू आल्याचा भास होत होता, आणि मग हुकुमाचे शब्दच बदलले. तेव्हा रात्री टीव्हीवर मालिका चालू असताना पंखा सुरू झाला, तर अॅपमध्ये डब्याने काय ऐकले याची नोंद पाहावी. ती पुन्हा ऐकताही येते. डब्याला हाक मारायचे नाव बदलता येते, आणि झोपताना त्याचा कान बंद करण्याचे बटण वरच असते.

येथवर सारे हसण्यावारी नेता येईल. यापुढचे तसे नाही.

आमच्या परिचयातील एक भगिनी नवऱ्याच्या छळाला कंटाळून वेगळ्या राहतात. नाव-गाव सांगत नाही. घर दोघांनी मिळून सजविलेले, उपकरणांचे खाते मात्र नवऱ्याच्या मोबाईलवर. तो गेला, खाते राहिले. रात्री एकला एसी सुरू व्हायचा, दिवे लागायचे. माहेरच्यांनी त्यांनाच विचारले, "तुला भास तर होत नाही ना?" त्यांना भास होत नव्हता. आमच्या वहीची हकीकत ऐकून त्यांनी वेळा लिहिल्या आणि मग अॅपमधली नोंद काढून पाहिली. प्रत्येक हुकूम त्याच एका मोबाईलवरून आला होता. हा प्रकार एकट्यादुकट्या बाईचा नाही. न्यूयॉर्क टाइम्सने 2018 च्या जूनमध्ये अमेरिकेतील अशाच स्त्रियांवर सविस्तर वृत्तान्त छापला होता. त्यांनाही आधी वेडातच काढण्यात आले होते.

अशा वेळी घाईने सारे पुसून टाकू नये. आधी नोंदींची छायाचित्रे मोबाईलमध्ये घ्यावीत, वही जपावी, कारण तो पुरावा आहे. हुकूम तोडल्यावर समोरचा माणूस चवताळून दाराशी येईल अशी भीती असेल तर 181 या महिला हेल्पलाइनशी आधी बोलावे. जिवाला धोका असेल तर 112. सायबर गुन्ह्यासाठी 1930 हा क्रमांक आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळही येतो, हे पोलीस चौकीत ठामपणे सांगावे. मग वायफायचा पासवर्ड बदलावा, प्रत्येक उपकरण कारखान्यातून आले तसे कोरे करावे आणि आपल्या स्वतःच्या नावे नवे खाते उघडावे. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. जुन्या खात्यात कुटुंबीय म्हणून जोडलेली माणसे तशीच राहू शकतात. जुने घर उपकरणांसह विकत किंवा भाड्याने घेतले असेल, त्यांनीही हे करावे. आणि संसार सुखाचा असला तरी घरातल्या दिव्यांचे खाते घरातल्या बाईला उघडता आले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक धोका पैसे वाचविण्याच्या नादात घरी येतो. दोन हजार वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो. तो दहा अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर रोज चालविला की प्लग तापतो. आतले विजेचे टोक एकदा चिकटले की मोबाईल 'बंद' म्हणतो आणि वीज चालूच राहते! गिझरला सोळा अँपिअरचाच प्लग हवा. पाण्यात सोडायचा रॉड, इस्त्री आणि शेगडी तर दुरून चालू होईल अशा कशालाही जोडूच नये. बादली रिकामी आहे की भरली, हे मोबाईलला दिसत नाही.

दिवा बंद असतानाही अंधुक तेवत असेल तर मात्र त्यात वायफायचा काही संबंध नाही. बोर्डाच्या बटणातला छोटा लाल दिवा, फेजऐवजी न्यूट्रलवर बसविलेले बटण किंवा ओल धरलेली भिंत, यांपैकी काहीतरी असते. शेवटची दोन कारणे जिवावर बेतू शकतात. न्यूट्रलवर बटण असले म्हणजे दिवा बंद दिसतो आणि होल्डरात वीज जिवंत असते. स्टुलावर चढून स्वतः चाचपू नका. मेन बंद करून परवानाधारक वायरमन बोलवा, आणि धक्का बसताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा ब्रेकर घरात आहे की नाही, हेही त्याच फेरीत पाहून घ्या.

आई पुन्हा आपल्या खोलीत झोपू लागली. मात्र तिने एक अट घातली. स्मार्ट बल्ब काढून तिथे साधा नऊ वॅटचा दिवा लावायचा आणि बटण खाटेवरून हाताला येईल असे घ्यायचे. चिरंजीव हिरमुसला, पण वायरमनला त्यानेच बोलावले. काकूही येऊन बघून गेल्या. त्यांच्या टीव्हीचे काय ते पाहायला येत्या रविवारी आम्हांला त्यांच्याकडे जायचे आहे. वही बरोबर आणा, असे त्यांनी बजावून सांगितले आहे.