जलजीवालयांचा हव्यास

घरात शोभेचे मासे पाळण्यासाठी एक जलजीवालय घेतल्यानंतर दुसरे, तिसरे, चौथे अशी त्यांची संख्या वाढवीत नेण्याची जी अनावर ओढ काही मत्स्यपालकांत आढळते, तिला जलजीवालयांचा हव्यास म्हणता येईल. पाळणारे स्वतः तिचा उल्लेख थट्टेने ‘रोग’ असा करतात. वैद्यकात मात्र या नावाचा स्वतंत्र विकार मानलेला नाही. या ओढीची मुळे दोन आहेत. एक जलजीवालयाच्या जीवशास्त्रात असून दुसरे पाळणाऱ्याच्या मनात असते. पहिले बरेचसे रास्त असते आणि त्यामुळेच दुसरे सहसा ओळखू येत नाही.

इतिहास : मासे केवळ पाहण्यासाठी पाळण्याची रीत चीनमध्ये जुनी आहे. सुंग राजवंशाच्या काळात (९६०–१२७९) सोनेरी माशांची निपज तेथे हेतुपुरस्सर केली जात होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात मत्स्यविनोद हा एक राजविनोद म्हणून वर्णिलेला आहे. परंतु तो गळाने मासे धरण्याचा खेळ होय, पाळण्याचा नव्हे. काचेच्या पेटीतील जलसृष्टी ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील इंग्लंडची देणगी आहे. १८४६ पासून ॲना थिन या बाईंनी लंडनमधील आपल्या घरी समुद्रातील प्रवाळ जिवंत ठेवले. त्यांना प्राणवायू मिळावा म्हणून घरातील मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. या छंदाचे कष्ट प्रथमपासून कोणाच्या वाट्याला आले, हे यावरून दिसते. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती व गोगलगाई यांचा एकाच पेटीत मेळ घालून १८५० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक जलजीवालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचे या विषयावरील पुस्तक निघाले.

त्यानंतर काही वर्षे इंग्लंडातील मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत जलजीवालयांची साथच आली. लोक सुटीत किनाऱ्यावर जाऊन खडकांतील डबकी उपसून समुद्रफुले, खेकडे व शेवाळी घरी आणू लागले. त्यांतील बहुतेक जीव थोड्याच दिवसांत मरत आणि त्यांची भरपाई पुन्हा किनाऱ्यावरून केली जाई. दहाएक वर्षांत ही साथ ओसरली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात डेव्हन परगण्यातील ही डबकी संग्राहकांनी उजाड केली, अशी खंत व्यक्त केली असून त्या नासधुशीस वडिलांची पुस्तके नकळत कारणीभूत झाल्याचेही सांगितले आहे. हव्यासाची झळ घराबाहेरच्या पाण्याला पोहोचल्याचे हे पहिले सुस्पष्ट उदाहरण होय.

महाराष्ट्रात या छंदाला चालना मिळाली ती मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. तत्कालीन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५१ साली त्याचे उद्‌घाटन झाले व पुढे अनेक पिढ्यांतील शाळकरी मुलांनी परदेशी मासे प्रथम तेथेच पाहिले. घरगुती टाकी मात्र दीर्घकाळ महाग व गळकी होती, कारण काचा धातूच्या चौकटीत लांबीने बसवाव्या लागत. १९६० नंतर सिलिकोनाचा चिकटा उपलब्ध होत गेला, चौकटीची गरज उरली नाही आणि कोपऱ्यावरच्या काचवाल्यालाही सांगितलेल्या मापाची टाकी करून देणे शक्य झाले. आज कुर्ल्याच्या बाजारात किंवा महात्मा जोतिबा फुले मंडईत मासे, खाद्य, वाळू व हवेचे पंप एका फेरीत मिळतात. याखेरीज डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याने विहिरींत व टाक्यांत सोडलेले गप्पी मासे हाही अनेकांचा पहिला, फुकटचा मासा असतो.

नव्या वसाहती : या हव्यासाला नव्या नगरांतील घरे विशेष अनुकूल ठरतात. पनवेलच्या नैर्ऋत्येस उरणजवळ असलेला द्रोणागिरी विभाग हे अशा नगराचे उदाहरण म्हणून घेता येईल. नवी मुंबई प्रकल्पासाठी १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या महामंडळाने मिठागरे व खारजमिनी यांवर भराव घालून तो वसविला. जानेवारी २०२४ मध्ये उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचल्यावर तेथील दळणवळण सुलभ झाले. (हनुमंताने एका वनस्पतीसाठी सबंध पर्वत उचलून नेला व त्याचा एक तुकडा येथे पडला, अशी जवळच्या डोंगराविषयी लोकसमजूत आहे. एक हवे असता सारेच उचलण्याच्या वृत्तीला यापेक्षा समर्पक स्थळ शोधूनही सापडणार नाही.) या पट्ट्यातील आगरी व कोळी कुटुंबांना मासे पाळणे नवे नाही. खारपट्ट्यातील शेततळ्यांत जिताड्याची पिले सोडून ती वाढविण्याची प्रथा रायगड जिल्ह्यात जुनी आहे. परंतु तेथे तळे एकच असते, ते पावसाने भरते आणि मासा शेवटी ताटात येतो. सदनिकेत याच्या उलट स्थिती असते. कुत्र्यामांजरांना शेजारी हरकत घेतात, माशांना घेत नाहीत. बागेला जागा नसते, पण टाकी कपाटाच्या डोक्यावरही मावते. नव्या टाकीला अडविणारे असे घरात काहीच दिसत नाही.

जीवशास्त्रीय कारणे : एकाच टाकीवर थांबणे प्रत्यक्षात कठीण असते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. गप्पीची मादी सु. चार आठवड्यांनी वीस ते पन्नास किंवा त्याहूनही अधिक जिवंत पिले देते. नराचे शुक्राणू तिच्या शरीरात अनेक महिने टिकत असल्याने नर दूर केला, तरी वेत थांबत नाही. पिलांना आईच खाते. ती वाचवावयाची तर वेगळी टाकी हवी. तीनएक महिन्यांत ही पिले स्वतः प्रजननक्षम होतात आणि तिसऱ्या टाकीची निकड भासू लागते. झुंजार मासा (फायटर) या जातीचे दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत. चपटा ‘एंजल’ मोठा झाल्यावर लहान माशांना गिळतो. बाजारातून आणलेले मासे निदान दोन ते चार आठवडे वेगळे ठेवल्याशिवाय जुन्यांत सोडू नयेत, अन्यथा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सर्वत्र पसरतो. त्यासाठीही एक टाकी लागते.

शिवाय टाकी एका दिवसात तयार होत नाही. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून निर्माण होणारा विषारी अमोनिया एका प्रकारचे जीवाणू नायट्राइटात व दुसऱ्या प्रकारचे नायट्रेटात बदलतात. गाळणीत या जीवाणूंची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे जातात. म्हणून संकटकाळी उपयोगी पडावी यासाठी एक मुरलेली टाकी हाताशी ठेवणे हे शहाणपणाचेच असते. दोन किंवा तीन टाक्यांपर्यंतचा प्रवास या कारणांनी समर्थनीय ठरतो. पुढचा प्रवास बहुधा त्याच कारणांच्या नावाखाली होतो. प्रयोजन मात्र बदललेले असते. गरजेची टाकी माशांच्या मागून येते. हव्यासाची टाकी आधी घरात येते व मग तिच्यासाठी मासे शोधले जातात.

मानसिक कारणे : जलजीवालय मांडण्यात जे सुख आहे, ते राखण्यात नाही. दगड, लाकडे व वनस्पती निवडणे, पाणी भरणे, पहिला मासा सोडणे हा काळ उत्कंठेचा असतो. सहा आठवड्यांनी टाकी स्थिरावते आणि काही न घडणे हेच तिच्या उत्तम स्थितीचे लक्षण असते. ज्याला घडविण्याची आवड आहे, त्याच्या हाताला मग काम उरत नाही. केंट बेरिज व टेरी रॉबिन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ पासून मांडलेल्या उपपत्तीनुसार मेंदूत ‘हवे वाटणे’ व ‘आवडणे’ या प्रक्रिया भिन्न आहेत. डोपामाइन हे द्रव्य मुख्यतः पहिलीशी निगडित असून वस्तू मिळाल्यावरचे समाधान कमी झाले, तरी ती मिळविण्याची ओढ वाढत राहू शकते. त्यात बाजारातील अनिश्चिततेची भर पडते. दुर्मिळ रंगाचा मासा दर खेपेस मिळत नाही, क्वचितच मिळतो. आणि अनियमित अंतराने मिळणारे बक्षीस वर्तनाला सर्वांत चिवट बनविते, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसून आलेले आहे.

कोणताही संग्रह वाढविण्याची ओढ सर्वसाधारणपणे अशीच असते. टाक्यांच्या बाबतीत फरक एवढाच, की पोस्टाची तिकिटे डब्यात घालून विसरता येतात. येथे संग्रहातील प्रत्येक नग रोज खातो, घाण करतो व श्वास घेतो.

ही अवस्था विकार केव्हा म्हणावी, याचे उत्तर टाक्यांच्या संख्येत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणात संचयविकाराला स्वतंत्र स्थान दिले. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणातही तो आहे. प्राण्यांचा संचय हे त्याचे एक विशेष रूप मानले जाते. त्यात प्राण्यांची संख्या निगा राखण्याच्या शक्तीबाहेर गेलेली असते व त्यांचे हाल होत असल्याचे पाळणाऱ्याला दिसत नाही किंवा तो ते मान्य करीत नाही. साठ टाक्या नीट सांभाळणारा प्रजनक या कसोटीला उतरत नाही. सहा टाक्यांतील मृत मासे मोजणे सोडून दिलेला मनुष्य मात्र तिच्या जवळ आलेला असतो. मासा ओरडत नाही, त्यामुळे ही जवळीक घरच्यांच्याही लक्षात उशिरा येते.

भार व पाणी : तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सु. १९० लि. पाणी मावते. पाणी, काच व वाळू मिळून तिचे वजन सु. २५० किग्रॅ. होते, म्हणजे तळाखालील जमिनीवर दर चौ. मी.ला सु. ६०० किग्रॅ. भार पडतो. राहत्या खोल्यांच्या लाद्या भारतीय मानकाप्रमाणे सर्वसाधारणपणे दर चौ. मी.ला सु. २०० किग्रॅ. वापरभार धरून आखतात. हा भार खोलीभर सरासरीने धरलेला असल्याने भिंतीलगत तुळईवर ठेवलेल्या एका टाकीने सहसा काही होत नाही. तथापि एकाच खोलीत चार टाक्यांची मांडणी करण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घेणे इष्ट.

पाण्याचा हिशेब अधिक बोलका आहे. घरातील सर्व टाक्यांत मिळून ५०० लि. पाणी असेल आणि आठवड्यास त्याचा चौथा भाग बदलावयाचा असेल, तर १२५ लि. पाणी लागते. शहरी पाणीपुरवठ्यात एका माणसासाठी दिवसाला १३५ लि. धरले जातात, म्हणजे आठवड्यातून सु. एक माणूस-दिवसाचे पाणी माशांकडे जाते. ते क्लोरिनमुक्त करून, बादल्यांनी वाहून, टाकीतील घाणीसकट उपसावे लागते. काम वाढले, की पहिली काटछाट येथेच होते. पाणी दिसावयास स्वच्छच असते. परंतु नायट्रेट साठत जाते, पाण्याची आम्लता हळूहळू वाढते व जुने मासे या बदलाला कसेबसे सरावतात. बाजारातून आणलेला नवा मासा अशा पाण्यात एकदोन दिवसांत मरतो. दोष दुकानदाराला दिला जातो, त्याच्या जागी दुसरा मासा आणला जातो आणि पुष्कळदा ‘नव्याने आरंभ करण्यासाठी’ दुसरी टाकीही. हव्यास स्वतःचे इंधन स्वतःच तयार करतो, ते या ठिकाणी.

विसर्जनाचा प्रश्न : बदली, लग्न, मूल किंवा घरमालकाची नोटीस यांमुळे टाक्या एकदम बंद कराव्या लागतात, तेव्हा मारण्याचे पाप नको म्हणून मासे जवळच्या तळ्यात किंवा नाल्यात सोडले जातात. ही दया घातक ठरते. ‘टाकी साफ करणारा’ म्हणून बोटाएवढ्या आकारात विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा ४० सेंमी.हून अधिक वाढतो, काठ पोखरतो व काटेरी परांनी जाळी फाडतो. केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल यांतील जलाशयांत व गंगेत तो आढळला असून महाराष्ट्रात उजनी जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. द्रोणागिरीसारख्या ठिकाणी भरतीचे पाणी सामावून घेणारे धारण तलाव व पाणजेची पाणथळ जमीन ही मचूळ पाण्याची आहेत. तेथे गोड्या पाण्यातील बहुतेक मासे तगत नाहीत. परंतु गप्पी व मोली हे खाऱ्या पाण्यालाही सरावतात. वन्य जीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने परकीय आक्रमक जातींचा व्यापार, पालन व प्रसार यांवर नियंत्रण घालण्याचे अधिकार केंद्र शासनाला मिळाले आहेत. तथापि रात्री नाल्यावर रिकामी केलेली बादली कोणत्याही अधिनियमाच्या कक्षेत येणे अवघड असते.

जादा मासे दुसऱ्या पालकाला किंवा दुकानदाराला परत देणे हा त्यातल्या त्यात निर्दोष मार्ग होय. पाणवनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच टाकाव्यात, कारण त्यांना गोगलगाईंची अंडी चिकटलेली असतात. वाळू गटारावर धुऊ नये. रिकामी टाकी माळ्यावर ठेवली, तर ती वर्षभरात पुन्हा भरते, असा अनुभव असल्याने सावध पालक मासे देताना टाकी, पंप व गाळणीही त्याच माणसाला देऊन टाकतात.